मागे थांबणाऱ्याची मॅच

कॉलेज टीमची ट्रायल असते. सर लाइनमध्ये उभ्या असलेल्या पोरांना एकेक करून विचारतात, ‘कुठे खेळतो?’ उत्तरं ठरलेली असतात. ‘सर, स्ट्रायकर.’ ‘सर, विंग.’ ‘सर, दहा नंबर.’ मुलींच्या टीमच्या ट्रायलला गेलात तरी यादी हीच. वीस जणांत एखादा गोलकीपर सापडतो, दोन-तीन डिफेंडर सापडतात. पण ‘सर, मी डिफेन्सिव्ह मिडफिल्डर’ असं आपणहून सांगणारं कुणी भेटलंय तुम्हाला?

शेवटी सर सगळ्यात जास्त धावणाऱ्या आणि सगळ्यात कमी बोलणाऱ्या पोराला पकडतात. ‘तू डिफेन्सच्या पुढे थांब. बॉल आला की काढ.’ पोरगं हिरमुसतं. त्याला वाटतं, आपल्याला साइडला टाकलं.

खरं तर त्याला टीमच्या बरोबर मधोमध उभं केलेलं असतं. आणि त्याने ते काम नीट केलं, तर बाकीच्या दहा जणांची खेळायची पद्धतच बदलते. कशी, ते आज बघू. त्यासाठी थेट माद्रिद-मँचेस्टरला जायची गरज नाही. आपल्या महाराष्ट्राच्या आणि शेजारच्या गोव्याच्या टीममध्येच उदाहरण आहे.

चौकातला माणूस

संध्याकाळी सहा-साडेसहाला सीताबर्डीच्या व्हरायटी चौकातला सिग्नल बंद पडला तर काय होतं, ते नागपूरकराला सांगायला नको. प्रत्येक जण आपापल्या परीने बरोबरच गाडी घालतो आणि तरी सगळे अडकतात. मग एक ट्रॅफिक पोलीस मधे येऊन उभा राहतो. तो स्वतः कुठेच जात नाही. पण चारही बाजू सुटतात.

फुटबॉलमध्ये हा चौक म्हणजे डिफेंडर्सची लाइन आणि मिडफिल्डची लाइन यांच्यामधली पट्टी. गोलपासून साधारण वीस-तीस मीटरवरची जागा. समोरच्या टीमचा हुशार खेळाडू याच पट्टीत बॉल घ्यायला टपलेला असतो, कारण इथून तो शॉट मारू शकतो, विंगला पास देऊ शकतो, किंवा तुमच्या डिफेंडरच्या अंगावर धावून येऊ शकतो. तुमचा सेंटर बॅक त्याला अडवायला पुढे आला, की त्याच्या पाठीमागे भोक पडतं. नाही आला, तर समोरचा निवांत शॉट मारतो. इकडे आड, तिकडे विहीर.

डिफेन्सिव्ह मिडफिल्डर ही पट्टी राखतो. त्याचं अर्धं काम टॅकल करणं नसतंच. नुसतं योग्य जागी उभं राहून तो तिथला पास बंद करतो. पासच आला नाही तर टॅकल कशाला लागेल? म्हणून चांगल्या सहा नंबरची कपडे मळलेच पाहिजेत असं काही नाही. कधी कधी तो नव्वद मिनिटं खेळून जवळजवळ इस्त्रीच्या जर्सीत परत येतो, आणि लोक म्हणतात, ‘ह्याने आज केलं काय बे?’

तीन विरुद्ध दोनचं गणित

आता कागद-पेन घ्या. आजकाल बहुतेक टीम्सचे दोन्ही फुलबॅक अटॅकला पुढे जातात. बॉल तुमच्याकडे आहे, दोन्ही फुलबॅक वर आहेत, मागे उरले दोन सेंटर बॅक. समोरच्या टीमने दोन स्ट्रायकर वरच ठेवलेत. म्हणजे मागे दोनास दोन. बॉल हातचा गेला आणि एका सेंटर बॅकचा पाय घसरला, तर समोर फक्त गोलकीपर.

आता या दोघांच्या पुढे एक माणूस उभा करा, जो कधीच आंधळेपणाने वर जात नाही. झाले तीनास दोन. एक माणूस कायम मोकळा. एवढ्या एका माणसाच्या भरवशावर दोन्ही फुलबॅक बिनधास्त वर जातात. फुलबॅक वर आले की विंगरला लाइन चिकटून उभं राहायची गरज उरत नाही, तो आत सरकतो. विंगर आत आला की स्ट्रायकरला जोडीदार मिळतो. बघा, बदल केला मागे आणि गर्दी झाली समोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये.

‘बॅलन्स’ म्हणतात तो हाच. डिफेन्सिव्ह मिडफिल्डर ठेवला म्हणजे टीम घाबरून खेळते, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. पण एकाच्या मागे थांबण्याने चार जणांना पुढे जायची परवानगी मिळते, हा हिशेब त्यात धरलेला नसतो.

दुसरी गोष्ट बॉल आपल्याकडे असतानाची. समोरची टीम दोन स्ट्रायकर घेऊन प्रेस करते तेव्हा सहा नंबर दोन सेंटर बॅकच्या मधे खाली उतरतो. पुन्हा तीनास दोन. दोघं मिळून तिघांना पकडू शकत नाहीत, एक जण मोकळा राहतोच आणि बॉल स्वच्छपणे बाहेर येतो. हे नीट करणारा माणूस असेल तर गोलकीपरला घाबरून लांब किक मारावी लागत नाही.

एक कोच, तीन क्लब, तोच खेळाडू

हे सगळं भारतात ज्याने डोळ्यांपुढे करून दाखवलं, तो म्हणजे मोरोक्कोचा अहमद जाहू. २०१७ मध्ये तो एफसी गोवाकडे आला. स्पेनचे सर्जियो लोबेरा तिथे कोच होते. त्या टीमचं नाव काढलं की लोकांना आठवतो फेरान कोरोमिनास, म्हणजे कोरो. साहजिकच आहे. आयएसएलच्या सलग दोन सीझनमध्ये, २०१७-१८ ला १८ आणि २०१८-१९ ला १६ गोल करून त्याने गोल्डन बूट घेतला होता. पण कोरोकडे बॉल यायचा कुठून, हे मागे मागे जात शोधलं, तर बहुतेक वेळा तुम्ही जाहूपाशी पोचता. मागे थांबून तो बॉल जिंकायचा, मान वर करायचा आणि चाळीस-पन्नास मीटरचा पास नेमका पायात टाकायचा.

याच टीममध्ये गोव्याचा मंदार राव देसाई विंगर होता. लोबेरांनी त्याला लेफ्ट बॅक केलं. कागदावर तो मागे गेला. मैदानावर मात्र तो पुढे धावतच राहिला, कारण त्याची मागची जागा सांभाळायला माणूस होता. २०१९-२० मध्ये एफसी गोवाने लीगमध्ये पहिला नंबर काढला आणि आयएसएलची पहिली लीग शील्ड जिंकली. सीझन संपायच्या आधीच लोबेरांना जावं लागलं होतं, पण टीमची घडी त्यांचीच होती.

२०२० मध्ये लोबेरा मुंबई सिटीकडे आले. येताना त्यांनी जाहूला आणलं. पुढे २०२३ मध्ये ते ओडिशा एफसीकडे गेले, तेव्हाही जाहू तिकडे गेला. तीन क्लब, तीन शहरं, तीन रंगांच्या जर्सी, पण मधला माणूस तोच. स्ट्रायकर दर वेळी बदलले. कोच घर बदलताना कोणतं सामान आधी गाडीत टाकतो, त्यावरून त्याच्या लेखी काय महत्त्वाचं आहे ते कळतं.

लाल कार्ड आणि एक फायनल

मुंबई सिटीचा २०२०-२१ चा सीझन तुम्ही तेव्हा टीव्हीवर बघितला असेल. कोरोनामुळे सगळ्या मॅचेस गोव्यात, प्रेक्षकांविना. मुंबईची पहिली मॅच २१ नोव्हेंबरला, वास्कोच्या टिळक मैदानावर, नॉर्थईस्ट युनायटेडशी. हाफ टाइम जवळ आला असताना जाहूने एक वेडावाकडा टॅकल केला आणि थेट लाल कार्ड घेतलं. दहा जणांची मुंबई दुसऱ्या हाफमध्ये पेनल्टीवर ०-१ ने हरली. ज्याने बॅलन्स आणायचा, त्यानेच तो घालवला.

त्यानंतर गाडी रुळावर आली. पुढचे दोन महिने मुंबई एकही लीग मॅच हरली नाही. पुढचा पराभव थेट ३० जानेवारीला, तोही पुन्हा नॉर्थईस्टकडूनच. २८ फेब्रुवारीला लीगची शेवटची मॅच एटीके मोहन बागानशी होती. शील्डसाठी जिंकणं भाग होतं. सातव्या मिनिटाला जाहूच्या फ्री किकवर मुर्तदा फॉलने हेडर मारला आणि मुंबई पुढे गेली. मॅच २-० ने जिंकली. दोन्ही टीम्सचे ४० पॉइंट्स झाले आणि आपापसातल्या निकालांवर शील्ड मुंबईकडे आली.

मग १३ मार्च २०२१. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर फायनल, समोर पुन्हा तीच टीम. या मॅचची पहिली तीस मिनिटं म्हणजे सहा नंबरच्या आयुष्याचा सारांश आहे.

अठराव्या मिनिटाला जाहू आपल्याच हाफमध्ये बॉल घेऊन जरा रेंगाळला. रॉय कृष्णाने मागून येऊन बॉल काढला, डेव्हिड विल्यम्सला दिला आणि गोल. ०-१. स्ट्रायकरने बॉल घालवला तर ‘अरेरे’ म्हणतात आणि खेळ पुढे जातो. सहा नंबरने बॉल घालवला तर पाठीमागे कुणी उरलेलंच नसतं. याची चूक सरळ स्कोअरबोर्डवर जाते.

अकरा मिनिटांनी त्याच जाहूने मागून एक लांब बॉल डिफेन्सच्या डोक्यावरून सोडला. बिपिन सिंगला अडवण्याच्या नादात मोहन बागानच्या तिरीने हेडर मारला तो स्वतःच्याच गोलमध्ये. १-१. पुढे नव्वदाव्या मिनिटाला ओगबेचेने बॉल दिला, बिपिनने गोल केला आणि मुंबई २-१ ने चॅम्पियन झाली. एकाच सीझनमध्ये शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही जिंकणारी आयएसएलमधली ती पहिली टीम.

स्कोअरशीटवर नावं बघा. विल्यम्स, तिरीचा स्वयंगोल, बिपिन. जाहूचं नाव नाही. पण पहिल्या दोन गोलांच्या मुळाशी तोच आहे, एकदा गुन्हेगार म्हणून आणि एकदा कारागीर म्हणून. अठराव्या मिनिटाच्या त्या घोळानंतर तो बॉल मागायला घाबरला असता, लपून खेळला असता, तर एकोणतिसाव्या मिनिटाचा पास आलाच नसता. या जागेला सगळ्यात जास्त लागते ती ही गोष्ट. चुकल्यावर लगेच पुन्हा बॉल मागायची हिंमत.

आपला देशी सहा नंबर

‘परदेशी खेळाडूचं कौतुक ठीक आहे, आपल्याकडे कोण?’ असं विचाराल, तर आधी गोव्याचा क्लायमॅक्स लॉरेन्स. धेंपो क्लबचा आणि भारताचा हा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. २००८ च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये हैदराबादला अफगाणिस्तानने आपल्याला रोखून धरलं होतं. ९० मिनिटं उलटली आणि जादा वेळेत गोल केला कुणी, तर मागे थांबायचं काम असलेल्या क्लायमॅक्सने. भारताने ती स्पर्धा जिंकली आणि त्या जोरावर २०११ च्या आशिया कपमध्ये तब्बल २७ वर्षांनी प्रवेश केला.

आणि आजचं उदाहरण म्हणजे मिझोरामचा लालेंगमाविया, सगळ्यांचा अपुइया. २०२१ मध्ये तो मुंबई सिटीत आला, वय वीस. ४ मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून मुंबईने आयएसएल ट्रॉफी घेतली, त्या टीमच्या मधोमध अपुइया होता. त्याच वर्षी तो मोहन बागानकडे गेला. २०२४-२५ ला मोहन बागानने शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही जिंकल्या. जमशेदपूरविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये अगदी शेवटच्या क्षणी बॉक्सच्या बाहेरून गोल मारून टीमला फायनलला नेणाराही हाच. तिकडे मुंबई लीगमध्ये सहावी आली आणि प्लेऑफमध्ये बेंगळुरूकडून ०-५ ने हरली.

आता लगेच ‘सगळं अपुइयामुळे’ असं म्हणू नका. मोहन बागानने आधीच्या सीझनची शील्डही जिंकली होती, टीम तगडीच होती. मुंबईतूनही तो एकटा गेला नव्हता. पण मधला माणूस गेल्यावर काय उघडं पडतं, याचा अंदाज यावरून नक्की येतो.

जगातही हीच कथा वेगवेगळ्या नावांनी घडलीय. २००३ मध्ये रेयाल माद्रिदने बेकहॅमला आणलं आणि क्लॉद मॅकेलेलेला चेल्सीला जाऊ दिलं. त्यानंतर रेयालला पुढची स्पॅनिश लीग जिंकायला २००७ उजाडलं. चेल्सीने २००४-०५ ची प्रीमियर लीग जिंकली, ३८ मॅचेसमध्ये फक्त १५ गोल खाऊन. एन्गोलो कांते २०१६ ला लेस्टरकडून चॅम्पियन झाला, मग चेल्सीला गेला. आदल्या वर्षी दहावी आलेली चेल्सी चॅम्पियन झाली आणि चॅम्पियन लेस्टर बाराव्या नंबरवर घसरली. रॉड्रीला २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गुडघ्याची दुखापत झाली, तेव्हा मँचेस्टर सिटी सलग चार वेळा लीग जिंकलेली टीम होती. त्या सीझनला ती तिसरी आली. आणि गंमत बघा, रॉड्रीला बॅलन डी’ऑर मिळाला तो कुबड्या घेऊन फिरत असताना. तो नसताना त्याची किंमत सगळ्यांना दिसत होती.

आणि आपल्या ग्राउंडवर?

नागपुरात फुटबॉल कमी नाही. यशवंत स्टेडियमवरच्या लीग मॅचेस आहेत, कामठीत तर पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळणारी घरं आहेत. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये नागपुरातल्या वस्त्यांमधल्या पोरांना घेऊन ‘स्लम सॉकर’ सुरू केलं, त्यावर नागराज मंजुळेंनी २०२२ मध्ये ‘झुंड’ काढला. शिवाय गल्लोगल्ली टर्फ झालेत, रात्री अकरापर्यंत बुक.

टर्फवरची मॅच आठवा. पाच-पाच जण. गोलकीपर सोडला तर चार, आणि चौघंही समोरच्या गोलपाशी. मागून आरडाओरडा, ‘अबे मागे कोण हाय?’ ‘तू थांब ना!’ ‘काहून, मीच कायले?’ तोवर गोल बसलेला असतो. दहा मिनिटांनी एक जण वैतागून मागे थांबतो आणि अचानक टीम सावरते. गोल खाणं कमी होतं, आणि पुढच्या तिघांना बॉलही जास्त मिळतो. त्या वैतागलेल्या माणसाला कुणी पोझिशनचं नाव सांगितलेलं नसतं, इतकंच.

अडचण आहे ती हिशेबाची. मॅच संपल्यावर ग्रुपवर मेसेज पडतो तो गोल कुणी मारले आणि असिस्ट कुणाचे याचा. विद्यापीठाच्या किंवा जिल्ह्याच्या टीमच्या निवडीला जाताना पोरं सांगतात तेही गोलच. ज्याने बारा वेळा बॉल परत मिळवला, त्याचं नाव कुठे लिहिलेलंच नसतं. मग ती जागा घ्यायला कोण येणार? आणि कुणी येत नाही म्हणून ती जागा ‘उरलेल्याला’ मिळते, म्हणून टीम दर वेळी मधोमध फाटते. हे चक्र तोडायचं असेल तर सुरुवात मोजण्यापासून करा. बाकावर बसलेल्या मित्राच्या हातात वही द्या. बॉल किती वेळा परत मिळवला, किती वेळा पुढे नीट दिला, एवढंच लिहा. दोन मॅचेसनंतर वही उघडा, टीममधल्या कुणाचं तरी नाव नव्याने कळेल.

उंची कमी आहे, वेग बेताचा आहे, पण खेळ लवकर कळतो, अशी पोरं-पोरी प्रत्येक कॉलेजात असतात. स्ट्रायकरच्या रांगेत ती शेवटी उभी राहतात. त्यांनी ही जागा मागून घ्यावी.

सहा नंबर खेळायचंय? हे करून बघा

मान फिरवा. बॉल येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्या. बॉल पायात आल्यावर बघणं म्हणजे उशीर.

आडवे उभे राहा. पाठ पूर्ण गोलकडे करून पास घेऊ नका. अंग अर्धं वळलेलं असेल तर पहिल्याच टचला पुढे खेळता येतं.

फुलबॅकवर नजर ठेवा. तो वर गेला की तुम्ही त्याच्या बाजूला दोन पावलं सरका. तो परत आला की मधे या.

पडायची घाई नको. स्लायडिंग टॅकल दिसायला भारी, पण हुकला की तुम्ही जमिनीवर आणि समोरचा मोकळा. आधी अडवा, वेळ काढा, सोबत्यांना परत येऊ द्या.

साधा पास द्या, पण लवकर द्या. पाच मीटरचा बरोबर पास हा तुमचा रोजचा भात आहे. पन्नास मीटरचा पास म्हणजे सणाची पुरणपोळी.

बोला. ‘मागे माणूस’, ‘वेळ आहे’, ‘डावीकडे’. मैदानाचा सगळ्यात चांगला व्ह्यू तुमच्याकडे असतो, तो एकट्याने बघू नका.

आणि तुम्ही खेळत नसाल, नुसते बघत असाल, तर पुढच्या मॅचला पहिली दहा मिनिटं बॉलकडे बघूच नका. सेंटर बॅकच्या पुढे उभा असलेला तो एक जण शोधा आणि फक्त त्याच्याकडे बघा.